नववी 'ब'ची राहिलेली हजेरी

जेवणं आटोपून, ओटा पुसून हेमलता मधल्या खोलीत येते आणि कूलरसमोर सतरंजीवर आडवी होते. बार्शीतली मे महिन्यातली दुपार. बाहेर चिटपाखरू नाही. तिचे यजमान भास्करराव पुढच्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसलेत आणि अडलं की तिथूनच ओरडताहेत, "अगं, 'उगाच बडबड', चार अक्षरी?" हेमलताचं तिकडे लक्ष नाही. तिच्या हातात फोन आहे, फोनवर एक फोटो आहे आणि त्या फोटोतली एक मुलगी तीन दिवस झाले तिला स्वस्थ बसू देत नाहीये.

फोटो नववी 'ब'चा, १९७८ सालचा. विमल गाढवे आता पुण्यात असते. तिला तो माळ्यावरच्या पेटीत सापडला आणि तिनं शाळेच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ग्रुपला ऊत आलाय. एरवी सकाळी फुलं आणि संध्याकाळी गुडघेदुखीवरचे उपाय पाठवणारी माणसं एकदम पंधरा वर्षांची झालीत. फोटो काळापांढरा असला तरी मुलींच्या रिबिनी लालच होत्या, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मुरलीधर कथलेचे डोळे मिटलेले निघाले. "मी प्रार्थना करत होतो," असं त्यानं लिहिलं. "बीजगणितासाठी असेल," असं विमलनं खाली लिहिलं, आणि त्यावर रात्रीपर्यंत हसणं चाललं.

या मुरलीधरची गावातच प्रेस आहे. रविवारी स्नेहमेळावा. त्यासाठी फोटो मोठा करायचा, खाली रांगेनं सगळ्यांची नावं छापायची आणि चौकट करून शाळेला द्यायचा, असं ठरलंय. चाळीस नावं लागली. एक लागत नाही. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी. बारीक अंगाची, मोठ्या कपाळाची, ओठ दाबून हसू आवरणारी. कुणी म्हणालं, ही 'क' वर्गातली, चुकून शिरली असेल. कुणी म्हणालं, भूत आहे. मुरलीधरनं शाळेत विचारलं, तर जुनी दप्तरं सुट्टी संपल्यावर बघू, असं उत्तर मिळालं.

"पाच वाजता छपाईला देतो," त्यानं आज सकाळी लिहिलं. "तोवर नाव नाही लागलं तर प्रश्नचिन्ह टाकतो."

"प्रश्नचिन्ह टाकायचं नाही," हेमलतानं लिहिलं.

"मग काय टाकू?"

हेमलतानं फोटो पुन्हा उघडला. ती वर्गाची मॉनिटर होती. कोण कुठल्या बाकावर बसायचं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, सगळं तिला पाठ. आणि नेमक्या त्या मुलीनं फोटोत हेमलताच्याच खांद्यावर हात ठेवलाय. नुसता ठेवलेलाही नाही, चांगला घट्ट धरलाय. इतका घट्ट खांदा धरणारी मुलगी आपल्याला आठवू नये?

ती दोन बोटांनी फोटो मोठा करते. मोठं कपाळ पडदाभर होतं. आणखी मोठा करते. आता नुसते करडे ठिपके. डोळ्यांवर झापड येतेय, पुढच्या खोलीतून भास्करराव काहीतरी विचारताहेत आणि त्यांचा आवाज कूलरच्या पाण्यात विरघळतोय. ठिपके सुटे होतात, खाली सांडतात. त्यांची वाळू होते. वाळू पायाला लागते आणि हेमलताच्या लक्षात येतं, ती गरम आहे आणि आपण अनवाणी आहोत.

शाळेचं मैदान आहे. बाकांवर बाक रचून चार रांगा उभ्या आहेत आणि नववी 'ब' श्वास रोखून थांबलीय. समोर काळ्या फडक्यात डोकं खुपसून फोटोग्राफर. कुणी हलत नाही. फक्त मधल्या खुर्चीवरच्या देवळेबाई मान वळवून हेमलताकडे बघतात.

"ए हेमे, उन्हात काय उभी? डोक्यावर पदर तरी घे."

देवळेबाई म्हणजे त्यांच्या वर्गशिक्षिका. भूगोल शिकवायच्या. पदर खोचून पुरुषी सायकलवरून शाळेत यायच्या आणि हसल्या की शेजारच्या वर्गातला तास थांबायचा. अकरा वर्षांपूर्वी पुण्यात, भाच्याच्या घरी वारल्या. हे हेमलताला स्वप्नातही नीट माहीत आहे.

बाई खुर्चीतून उठतात. फडक्याच्या आतून फोटोग्राफर ओरडतो, "बाई, हलू नका!"

"तुमचं चालू द्या हो. पंचेचाळीस वर्षं एकाच जागी बसलेय मी. पाय अवघडतात की नाही?"

त्या जवळ येतात. त्यांच्या अंगाला खडूचा आणि कापराचा वास आहे. हेमलता स्वतःकडे बघते. ती आत्ताची, साठीचीच आहे. गुडघ्याला पट्टा, हातात ओटा पुसायचं फडकं. आणि बाई मात्र फोटोतल्याच, पंचेचाळिशीच्या, केस काळेभोर.

"बाई, तुम्ही तर माझ्यापेक्षा लहान आहात."

"मग? मी वाकून नमस्कार करू का तुला?" बाई हसतात आणि शाळेच्या छपरावरची सगळी कबुतरं उडतात. "ते फडकं टाक. शाळेत घरकाम आणायचं नाही."

हेमलताला खूप बरं वाटतं. इतकं, की नको तेच तिच्या तोंडातून निघतं. "बाई, तुम्ही गेलात ना?"

"गेले की. अकरा वर्षं झाली. तू आली नव्हतीस."

"त्याच आठवड्यात मुलाचं लग्न होतं, बाई."

"ते कळलं मला. लाडू नाही पाठवलेस." त्या पुन्हा हसतात. "बरं, कशाला आलीस ते बोल. तुझं तोंड तेव्हाही असंच व्हायचं. गृहपाठ राहिला की."

हेमलता तिसऱ्या रांगेकडे बोट करते. डावीकडून चौथी. "ती कोण, बाई? नाव आठवत नाही. मुरलीधर प्रश्नचिन्ह छापणार आहे."

"कोण, कथले? त्याला म्हणावं, आधी डोळे उघड." बाई तिचा दंड धरतात. "चल. हजेरी घेऊ. हजेरीत आल्याशिवाय राहील कुठं ती?"

व्हरांड्याच्या चार पायऱ्या चढून दोघी आत जातात आणि आत हेमलताचं स्वयंपाकघर आहे. नववी 'ब' तिथं फरशीवर मांडी घालून बसलीय, ओट्यापासून मोरीपर्यंत. फ्रिजच्या दारावर खडूनं महाराष्ट्राचा नकाशा काढलाय, नद्यांसकट. कुकरची शिट्टी होते.

"घंटा झाली," बाई म्हणतात. "गप्प बसा."

मसाल्याच्या कप्प्यातून त्या हजेरीपट उपसतात, डोळ्यांसमोर धरतात, लांब धरतात आणि हेमलताच्या हातात देतात. "तू वाच. चष्मा नाही आणला मी."

"विसरलात?"

"तिकडं लागत नाही चष्मा. सगळं लख्ख दिसतं. इथं आले की पुन्हा धुरकट. वाच तू, मोठ्यानं. मॉनिटर होतीस ना?"

हेमलता घसा खाकरते. निळ्या शाईत बाईंचं वळणदार अक्षर. आधी मुलं, मग मुली.

"कथले मुरलीधर विश्वनाथ."

"हजर!" मुरलीधर डोळे मिटूनच सांगतो.

"गरड दत्तू किसन."

"हजर!"

"पवळ अंबादास मारुती."

कुणी बोलत नाही. हेमलताला आठवतं, अंबादास सहा वर्षांपूर्वी गेला. मोटारसायकल घसरल्याचं निमित्त झालं.

"तो माझ्याकडं आहे," बाई शांतपणे सांगतात. "मजेत आहे. अजून पाढे चुकतो. पुढं वाच."

पुढं वाचते. प्रत्येक नावानंतर थांबते, उत्तर ऐकते, मग पुढचं घेते. बाई हातात लाल पेन्सिल धरून रेघा मारताहेत. विमल गाढवेच्या नावाला दोन ठिकाणांहून उत्तर येतं, एकदा मोरीजवळून आणि एकदा पुण्याहून. हेमलताला स्वतःचंही नाव वाचावं लागतं.

मग पान संपतं. सगळ्यात खाली एक ओळ वेगळ्या शाईत आहे, मागाहून घातलेली. तिच्यावर भलामोठा डाग पडलाय.

"इथं शाई सांडलीय, बाई."

"सांडलीय काय? सांडलीस. तू. दौत कुणाच्या हातात होती?"

"मी मुद्दाम नाही—"

"मुद्दाम कुणीच सांडत नाही गं." बाईंचा आवाज मऊ होतो. "मागचं दार उघड. वाफ कोंडलीय किती."

हेमलता स्वयंपाकघराचं मागचं दार उघडते. तिथं तुळस नाही, धुणं नाही. तिथं बार्शी टाऊन स्टेशनचा फलाट आहे आणि छोट्या रुळांवरची ती जुनी गाडी धूर सोडत उभी आहे. सांजेची उन्हं आहेत. फलाटाच्या टोकाला स्टेशनाच्या नावाची पिवळी पाटी. तिच्यावर काळ्या ठळक अक्षरांत लिहिलंय:

उजागरे करुणा शांतवन. समुद्रसपाटीपासून उंची चार फूट अकरा इंच.

"वाचता येतंय?" बाई विचारतात.

हेमलता वाचते आणि मोठ्यानं हसते, आणि हसता हसता तिला सगळं एकदम आठवतं. करुणा. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात आली. वडील असिस्टंट स्टेशन मास्तर, राहायला स्टेशनामागची क्वार्टर. शाळा सुटली की दोघी रुळावर तोल सांभाळत चालायच्या, एक या रुळावर, एक त्या, मध्ये हातात हात. तिनं हेमलताला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलं आणि नाताळात तिच्या आईनं पितळी ताट भरून करंज्या पाठवल्या. मार्चमध्ये वडिलांची बदली झाली. ज्या दिवशी फोटो निघाला, त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं ते लोक निघाले. फोटो काढताना करुणानं मागून खांदा धरला आणि कानात म्हणाली, "रडलीस तर फोटोत येईल बघ. हस."

ती आत्ता गाडीच्या खिडकीत आहे. ओठ दाबून.

"फोटो आला की पाठव," ती म्हणते.

"पाठवते."

"नक्की?"

"नक्की."

हेमलताच्या हातात पत्त्याची चिठ्ठी आहे. ती फ्रॉकच्या खिशात ठेवते, आणि ठेवताना तिला माहीत आहे, हा फ्रॉक उद्या धुण्यात जाणार. हात मात्र थांबत नाही. फोटो महिन्याभरानं आला, परीक्षा आली, सुट्टी लागली, दहावीत नवी मुलं आली. नाव कुणी काढेना. आधी आठवलं की लाज वाटायची, म्हणून आठवायचं नाही असं झालं, आणि मग खरंच आठवेनासं झालं.

"बाई, मी पाठवलाच नाही."

"मला माहीत आहे. माझ्याकडं पत्ता मागायला आली असतीस, दिला असता. तू आलीच नाहीस." बाई पेन्सिल कानामागून काढतात. "ते राहू दे आता. नाव घे तिचं. मोठ्यानं. गाडी सुटतेय."

"उजागरे करुणा शांतवन!"

गाडीची शिट्टी होते. खिडकीतल्या मुलीचं तोंड उघडतं, पण आवाज पोचत नाही. चाकं हलतात.

"उत्तर नाही," बाई म्हणतात. "गैरहजर मांडू?"

"नको बाई, आहे ती. मी सांगते ना. हजर आहे."

"दुसऱ्याची हजेरी द्यायची नाही. किती वेळा छड्या खाल्ल्यात त्यासाठी?"

"आज एकदाच द्या."

बाई पेन्सिल पुन्हा कानामागं खोचतात. मग पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपतात, जसा कुठल्याही शाळेत कुठल्याही बाईंनी कुणाचा टिपला नसेल. "हजर देत नाही, गैरहजरही मांडत नाही. टिंब देते. शोधून आण, मग टिंबाची रेघ करू."

"कुठं शोधू, बाई?"

"ते तू बघ. भूगोल मी शिकवलाय तुला." आणि त्या सायकलवर टांग मारतात. ही सायकल आत्तापर्यंत कुठं होती, कुणास ठाऊक. गाडीच्या बाजूबाजूनं, फलाटावरूनच, घंटी वाजवत त्या निघतात. टोकाशी गेल्यावर मागं न बघता हात हलवतात. फोटोग्राफर कुठूनतरी ओरडतो, "झालं! आता हला!"

घंटी वाजतेच आहे. वाजतेच आहे.

हेमलता डोळे उघडते. घंटी फोनची आहे. फोन तिच्या हनुवटीखाली अडकलाय आणि एकामागून एक थरथरतोय. पावणेचार वाजलेत. भास्करराव दारात उभे आहेत, कोडं हातात तसंच.

"तू झोपेत कुणाला हाका मारत होतीस?" ते विचारतात. "अर्धं गाव बोलावलंस."

ती चष्मा लावते. ग्रुपवर एकाहत्तर नवे मेसेज. सगळे एका मेसेजखाली, आणि तो मेसेज तिचाच. व्हॉइस मेसेज, तीन मिनिटं बारा सेकंद. झोपेत अंगठा कुठं पडला आणि कधी सुटला, देवाला ठाऊक.

ती तो लावते. आधी नुसता कूलरचा घरघराट. मग तिचाच आवाज, जडशीळ पण खणखणीत, देवळेबाईंच्या चालीवर. "कथले मुरलीधर विश्वनाथ." मग शांतता, उत्तराला लागते तेवढीच. "गरड दत्तू किसन." पुन्हा शांतता. नाव, शांतता, नाव, शांतता, वडिलांच्या नावांसकट, एकही क्रम न चुकता. अंबादासच्या नावानंतरची शांतता जरा लांब आहे. अगदी शेवटी ती हसते, आणि हसता हसता म्हणते, "उजागरे करुणा शांतवन." मग खट्ट होऊन मेसेज संपतो.

खाली रांग लागलीय.

"हजर बाई." हा मुरलीधर.

"हजर! हेमे, झोपेत पण मॉनिटर!" ही विमल.

"हजर." "हजर बाई." "नातवाला पोहण्याच्या क्लासमधून आणायला आलोय, तिथून हजर." अंबादासच्या मुलाला कुणीतरी ग्रुपवर घेतलंय, त्यानं लिहिलंय, "काकू, बाबांच्या वतीनं हजर. पुन्हा पुन्हा ऐकतोय." हेमलता तिथं थांबते. पदर डोळ्यांना लावते.

मग मुरलीधर पुन्हा: "करुणा उजागरे!!! बरोबर! स्टेशनवाली! माझी गोटी तिनं रुळावर ठेवली होती. प्रश्नचिन्ह काढलं."

आणि सगळ्यात खाली रमझान मुलाणी. हा 'अ' वर्गातला, पुढं रेल्वेत गार्ड झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. "मी 'अ'चा, तरी हजर. उजागरे साहेबांचा मुलगा सॅमसन मिरजेला माझ्याबरोबर होता. थांबा, फोन लावतो."

हेमलता थांबते. चहा टाकते, तो उतू जातो, दुसरा टाकते. भास्करराव सगळं ऐकून घेतात आणि एवढंच म्हणतात, "देवळेबाईंनी लाडवांचं काढलं म्हणजे त्याच असणार."

साडेचारला रमझानचा मेसेज येतो. एक नंबर, आणि पुढं: "मिरज. नर्स होती, रिटायर झाली. सॅमसन म्हणतो, बिनधास्त लावा, घरीच असते."

ती मेसेज लिहायला घेते, खोडते. पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. शेवटी फोनच लावते. पाच-सहा वेळा रिंग जाते. मग पलीकडे एक जाडसर, जरा दमल्यासारखा आवाज. "हॅलो, कोण?"

"करुणा उजागरे का?"

"उजागरे माहेरचं. तुम्ही कोण?"

हेमलता फोन दुसऱ्या कानाला लावते. बदली, फ्रॉक, चिठ्ठी, काय काय सांगायचं ठरवलं होतं. त्यातलं काहीच येत नाही.

"मी हेमा. बार्शीची. तो फोटो पाठवायला जरा उशीर झाला."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज होतो. फोन कटला का म्हणून ती पडद्याकडे बघते. भास्करराव शब्दकोडं खाली ठेवतात.

मग फोनमधून शिट्टी येते. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, कान फाडणारी, मिरजेहून थेट बार्शीला. आणि शिट्टीमागून हसणं.